वस्तीवरच्या कुत्र्यांना रात्रीचा निवारा

निरगुडसरच्या बचत गटांत सध्या एका गोष्टीची चर्चा चालू आहे, ती आज तुमच्यापुढं ठेवतो. वस्तीवरच्या कुत्र्यांसाठी सगळ्यांनी मिळून एक जागा करायची. ऐकून काही जणी हसल्या. हसू द्या.

शहरात कुत्र्यांसाठी बागा निघाल्यात. हैदराबादला २०१८ साली महापालिकेनं अशी बाग केली. आपल्याला बाग नको. आपली कुत्री दिवसभर बांधावर हिंडतातच. आपल्याला हवाय चारही बाजूंनी आणि वरून जाळी मारलेला, कडीचा दरवाजा असलेला एक खुराडा. रात्रीपुरता.

कारण बिबट्या. २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेडला बिबट्यानं तीन जीव घेतले, त्यांत दोन लेकरं होती. लोकांनी मंचरला पुणे-नाशिक रस्ता अडवला. तिथली माणसं शेतात जाताना गळ्यात खिळ्यांचे पट्टे घालायला लागली. धनगराच्या कुत्र्याच्या गळ्यात असतो, तसला पट्टा बाईमाणसाच्या गळ्यात!

बिबट्या उसात राहतो, उसातच पिल्लं घालतो, हे तुम्हाला सांगायला नको. पण तो खातो काय? जुन्नरला लागून असलेल्या अकोले तालुक्यात अभ्यासकांनी बिबट्याची विष्ठा तपासली. त्याच्या खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, वजनानं ३९ टक्के. शेळ्यांचा वाटा त्याच्या कितीतरी खाली होता. म्हणजे रात्री पडवीत साखळीला बांधलेलं कुत्रं हे आपणच बिबट्याला वाढून ठेवलेलं ताट आहे. ते ताट कुठं असतं? जिथं आपली पोरं झोपतात, जिथून आपण पहाटे बाहेर पडतो, तिथंच.

बैठकीत एकीनं लगेच विचारलं, कुत्रं भुंकतं म्हणून तर बिबट्या आल्याचं कळतं, ते कोंडलं तर कळणार कसं? प्रश्न बरोबर आहे. पण जाळीच्या आतलं कुत्रंही भुंकतंच, आणि सकाळी जिवंत असतं. म्हणून खुराडा लांब माळावर नको. घरांतून आवाज येईल, दिवा दिसेल, एवढ्या अंतरावर हवा. उसाच्या कडेला नको, अंगणवाडीच्या वाटेवर तर नकोच. बिबट्या झाडावर चढतो तसा जाळीवरही चढेल, तेव्हा वरचं छत पैसे वाचवायला सोडायचं नाही.

पूर्ण गावाला मिळून एकच खुराडा चालणार नाही. एका वस्तीची कुत्री दुसऱ्या वस्तीच्या कुत्र्यांना उभी करत नाहीत, फाडून खातील एकमेकांना. म्हणून वस्तीपरत्वे वेगळा. आणि बेवारशी कुत्र्यांचं काय? ती भाकरीच्या मागं येतात. दिवस मावळायच्या आत, रोज ठरल्या वेळी, खुराड्यातच भाकरी टाकली तर बरीचशी आत येतील. सगळी येणार नाहीत, हे धरूनच चालू. आज आपण उष्टं कुठंही भिरकावतो, कोंबड्यांच्या दुकानामागची घाण उघडी पडते, म्हणून ती दारोदार फिरतात. ते आधी बंद व्हायला पाहिजे. वाढायची पाळी गटागटांत वाटून घेता येईल.

पकडून दुसऱ्या गावाच्या हद्दीत सोडू, असं पुरुषमंडळी म्हणतात. त्यांनाही पलीकडचं गाव हेच करणार! शिवाय २०२३च्या केंद्राच्या नियमांप्रमाणं नसबंदी आणि लस करून कुत्रं होतं तिथंच परत सोडायचं असतं. त्याच नियमांत खाऊ घालायची जागा ठरवायला सांगितलंय, मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून दूर. म्हणजे आपण काही जगावेगळं मागत नाही.

एकत्र कोंडायच्या आधी पिसाळीची लस मात्र प्रत्येक कुत्र्याला हवीच. एक पिसाळलेलं आत गेलं तर सगळी जातील. आणि कुणाला चावलंच तर हळद-चुना लावू नका. वाहत्या पाण्याखाली साबणानं १५ मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठा.

ग्रामसभेच्या आधी महिला सभा असते, तिथं हा विषय लेखी द्यायचा आहे. जागा, जाळी आणि दिवा ग्रामपंचायतीकडं मागू, लसीसाठी पशुवैद्यकीय दवाखान्याला पत्र देऊ. त्याआधी आपापल्या वस्तीवर कुत्री किती, त्यांतली पाळलेली किती आणि माद्या किती, हे मोजून गटाच्या वहीत लिहून आणा. मोजायला संध्याकाळी उशीर करू नका, आणि एकटीनं जाऊ नका.