आधी गुण लिहा, मग बाण काढा



शालेय तिरंदाजी स्पर्धा तोंडावर आल्या आहेत, म्हणून या खेळाच्या नियमांवर बोलायला मला बोलावलं आहे. रिकर्व्ह धनुष्याला ७० मीटर आणि १२२ सेंटिमीटरचा फेस, म्हणजे लक्ष्याचा कागद, कंपाउंड धनुष्याला ५० मीटर आणि ८० सेंटिमीटरचा, हे खेळणाऱ्या मुलांना तोंडपाठ असतं. त्यात मी वेळ घालवत नाही. मला एकाच नियमाबद्दल कळकळीनं सांगायचं आहे. सगळ्यांचे गुण लिहून होईपर्यंत बाणाला, कागदी फेसला, मागच्या बट्रेसला, म्हणजे बाण रुततो त्या गादीला, कुणीही हात लावायचा नाही.

मैदानावर काय चालतं ते पाहा. तीन शिट्ट्या होतात, मुलं टार्गेटपाशी जातात. एक जण नॉक, म्हणजे बाणाचं मागचं टोक, धरून बाण हलवतो आणि विचारतो, ‘हा माझाच ना?’ दुसरा रेषेवरचा बाण बोटानं जरा दाबून बघतो. तिसऱ्याला घाई असते. तो आपले बाण उपटून भात्यात टाकतो आणि मग सांगतो, ‘दहा, नऊ, नऊ लिही.’ आणि आमचे काही प्रशिक्षक लांबून ओरडत असतात, ‘आटपा रे लवकर!’ अहो, आटपा काय? मुलानं वर्षभर गाळलेला घाम त्या कागदावर उमटलाय. तो नीट वाचू तरी द्या.

बाणाचा शाफ्ट दोन रंगांमधल्या किंवा दोन गुणांमधल्या रेषेला नुसता टेकला, तरी वरचा गुण मिळतो. टेकला की नाही, हे बाण जिथल्या तिथे असतानाच ठरतं. शंका आली तर पंचांना बोलवायचं. ते भिंग घेऊन येतात, या बाजूनं बघतात, त्या बाजूनं बघतात आणि गुण सांगतात. तो निर्णय अखेरचा. पण बाण हलवला, की भोक पसरतं. बाण काढला, की कागदाच्या कडा कुठल्या कुठे जातात. मग भिंग घेऊन पंच बघणार तरी काय?

गावाकडच्या श्रोत्यांना दूध संकलन केंद्र ठाऊकच आहे. दूध मोजतात, नमुना काढतात, फॅट बघतात, पावती देतात. हे सगळं झाल्यावरच तुमचं दूध सगळ्यांच्या दुधात मिसळतं. आता समजा, नमुना काढायच्या आधीच कुणी घाईनं ते मोठ्या कॅनमध्ये ओतलं. तुमची म्हैस कितीही चांगली असो, फॅट किती होती हे कोण सांगणार? तिरंदाजीतही हेच आहे. बाण फेसमध्ये आहे तोवर तुमचं दूध वेगळं आहे. पावतीवर सभासद क्रमांक असतो, तसं बाणावर तुमचं नाव किंवा आद्याक्षरं हवीत. नियमच आहे तो. आणि पावती न वाचता तुम्ही केंद्रावरून निघता का? मग स्कोअरशीट न वाचता सही कशी करता? सही केली म्हणजे त्यातले गुण, बेरीज, दहाची संख्या, सगळं तुम्हाला मान्य आहे. आकडा चुकीचा लिहिला गेला असेल तर बाण काढायच्या आधी बोला. त्या टार्गेटवरच्या सगळ्यांनी मान्य केलं, की तो तिथेच दुरुस्त होतो.

एवढ्या बारीकसारीक गोष्टीनं काय बिघडतं, असं कुणाला वाटेल. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये आपली शीतल देवी आणि राकेश कुमार मिश्र सांघिक स्पर्धेच्या उपांत्य फेरीत इराणशी खेळत होते. इराणच्या फातिमा हेम्माती यांचा एक बाण पंचांनी पुन्हा पाहिला आणि नवाचे दहा झाले. सामना १५२-१५२ असा बरोबरीत गेला आणि शूट-ऑफमध्ये आपण हरलो. पुढे ब्राँझपदकासाठी इटलीशी गाठ पडली. त्यात शीतलच्या एका बाणाचा गुण फेरतपासणीत वाढून दहा झाला आणि आपण १५६-१५५ असे जिंकलो. ज्या नियमानं एका सामन्यात आपल्याला मागे सारलं, त्यानंच दुसऱ्यात पदक दिलं, कारण दोन्ही वेळा पंच पाहायला गेले तेव्हा बाण होता तिथेच होता.

त्याच वर्षी पॅरिस ऑलिंपिकच्या पुरुषांच्या अंतिम सामन्यात कोरियाचा किम वूजिन आणि अमेरिकेचा ब्रेडी एलिसन ५-५ असे बरोबरीत आले. मग एकेक बाण. दोघांचेही दहा. ज्याचा बाण केंद्राच्या जवळ तो विजेता, म्हणून अंतर मोजलं. फरक निघाला ४.९ मिलिमीटर! तिथे एखाद्यानं सहज नॉकला धक्का लावला असता तर?

आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला जगज्जेती झाली, तो अंतिम सामना १४९-१४७ असा होता. नागपूरचा ओजस देवतळे त्याच ठिकाणी १५० पैकी १५० गुण मिळवून जिंकला, प्रतिस्पर्ध्याचे होते १४९. एका गुणाची किंमत ही एवढी. म्हणून पुन्हा सांगते, मुलांनो, आपला बाण कोणता ते बोट दाखवून सांगा, बोट लावून नाही.

आता याचाच दुसरा भाग, आणि तो तर सर्रास विसरला जातो. गुण लिहून झाल्यावर, बाण काढायच्या वेळी प्रत्येक भोकावर पेनानं खूण करायची. कधी कधी बाण लक्ष्यावर आपटून मागे उसळतो. तो कुठे लागला होता, हे खूण नसलेल्या भोकावरूनच कळतं. आधीच्या भोकांवर खुणाच नसतील, तर त्या चाळणीतून नवं भोक शोधायचं कसं? चूक आधीच्या फेरीतली, आणि रडायची वेळ या फेरीत येते.

वेळेआधी किंवा वेळेनंतर बाण सोडला तर त्या फेरीतला सर्वांत जास्त गुणांचा बाण जातो, जादा बाण मारला तर कमी गुणांचेच बाण धरतात. यावर खरं तर सविस्तर बोलायला हवं. हातून निसटलेला बाण नेमरेषेपुढच्या तीन मीटरच्या रेषेच्या आत पडला तर तो सोडलेला धरत नाहीत, हे नवशिक्या मुलांना कुणी सांगत नाही आणि ती बिचारी घाबरून... पण वेळ संपत आल्याची खूण मला काचेपलीकडून होते आहे.

पालकांनो, स्पर्धेच्या पिशवीत पाण्याच्या बाटलीबरोबर दोन चांगली पेनं ठेवा, एक स्कोअरशीटसाठी आणि एक भोकांवर खुणा करण्यासाठी. प्रशिक्षकांनो, उद्याच्या सरावापासून मुलांना हात पाठीमागे बांधून टार्गेटसमोर उभं करा, गुण मोठ्यानं म्हणायला लावा, शेजाऱ्याला तपासायला लावा आणि मगच बाण काढू द्या. रेषेवरच्या बाणाची शंका असेल तर हात वर करून पंचांना बोलवायचं. यात लाजायचं काही नाही, तो तुमचा हक्क आहे. मात्र पंच येईपर्यंत बाण जागचा हलता कामा नये.