गांजाचे बी आणि शेतकऱ्याचे स्वातंत्र्य

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



आजच्या विषयपत्रिकेवर 'गांजा' हा शब्द पाहून काही जण हसले, काही जण दचकले. कांद्याचे, कापसाचे, उसाचे बोलणारे आपण लोक गांजाचे कधीपासून बोलू लागलो, असा प्रश्न मनात आला असेल तर तो रास्त आहे. हा विषय आम्ही शोधून आणलेला नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये सोलापूर जिल्ह्यातील एका शेतकऱ्याने जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज केला, की कोणत्याही पिकाला भाव मिळत नाही, खर्चही निघत नाही, तेव्हा मला दोन एकरांत गांजा लावण्याची परवानगी द्यावी. वर्तमानपत्रांत बातमी आली, शहरात लोक खो-खो हसले, पोलिसांनी हा प्रसिद्धीचा स्टंट ठरवला. अर्जातला गांजा सगळ्यांनी वाचला. अर्जातला भाव वाचायला मात्र कोणाला सवड झाली नाही.

तेव्हापासून गावोगाव तोच प्रश्न विचारला जातो. परदेशात म्हणे गांजाची शेती खुली झाली, उत्तराखंडात म्हणे परवाने देतात, मग आम्हीच काय पाप केले? शिवाय 'जोरदार जातीचे बी' म्हणून चोरून बी विकणारे फिरू लागले आहेत. म्हणून या विषयावर एकदा नीट बोलून घेऊ.

आधी झाड समजून घेऊ. इंग्रजीत 'हेम्प' हा शब्द तीन वेगळ्या पिकांना लावतात. आपली अंबाडी म्हणजे 'डेक्कन हेम्प', आपला ताग म्हणजे 'सन हेम्प', आणि तिसरे हे भांगेचे झाड. पहिल्या दोघांचा नशेशी काही संबंध नाही आणि त्यांना कायद्याची आडकाठीही नाही. भांगेचे झाड वेगळे. त्याच्या सालीपासून वाख निघतो, बियांपासून तेल निघते, पानांची भांग होते, मादी झाडाच्या फुलांच्या शेंड्यांचा गांजा होतो आणि त्या शेंड्यांवरच्या चिकाचा चरस होतो. एकाच झाडाचे हे पाच माल आहेत.

पपईत जशी नर आणि मादी झाडे वेगळी असतात, तशी यातही असतात. बी पेरले की साधारण निम्मे नर, निम्मे मादी निघतात आणि फुलावर येईपर्यंत नेमके कोण कोणते ते साध्या डोळ्यांना कळत नाही. नराचे पराग मादीवर पडले की झाड बी धरते आणि चीक कमी होतो. पराग वाऱ्याने कोसच्या कोस जातात. म्हणजे एकाने बियाण्यासाठी लावले आणि शेजाऱ्याने फुलासाठी लावले, तर दोघांचे भांडण ठरलेले. दुसरी गोष्ट दिवसाच्या लांबीची. दिवस लहान होऊ लागले की हे झाड फुलावर येते. युरोपातल्या लांब दिवसांच्या उन्हाळ्यात वाढवलेले वाण आपल्याकडे आणून लावले, तर वीतभर वाढले नाही तोच फुलावर येते. परदेशी बियाण्याचे रंगीत कागद दाखवणाऱ्याला ही गोष्ट जरूर विचारा.

आता 'इंडिका' म्हणजे काय? लामार्क नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १७८५ साली भारतातून आलेल्या झाडावरून 'कॅनाबिस इंडिका' हे नाव दिले. नावातच हिंदुस्थान आहे. आज बाजारात ज्याला इंडिका म्हणतात ते बुटके, रुंद पानांचे, लवकर तयार होणारे झाड हिंदुकुश पर्वताच्या, अफगाणिस्तानच्या बाजूचे. १९७० च्या दशकात तिकडे भटकायला गेलेल्या गोऱ्या तरुणांनी या डोंगरी वाणांचे बी परत नेले. हॉलंड आणि अमेरिकेत त्यांचे संकर झाले, निवड होत गेली आणि नशेचा अंश चढत गेला. आज तिथल्या दुकानांतल्या मालावर १५ ते २५ टक्के असे आकडे छापलेले असतात. त्या बियांच्या पाकिटांना आता भारी किंमत आहे. ज्या डोंगरातल्या शेतकऱ्याने पिढ्यान् पिढ्या हे वाण राखले, त्याला त्यातला छदामही मिळाला नाही. त्याच्या वाट्याला आली ती तुरुंगाची वाट.

आपल्याकडे ही शेती कधी नव्हतीच, असे मात्र नाही. इंग्रजांच्या काळात परवाना घेऊन गांजा पिकवत. मुंबई इलाख्यात त्यासाठी अहमदनगर जिल्ह्याचे नाव होते, आजचा अहिल्यानगर. मध्य प्रांतात खांडव्याकडचा भाग होता. गांजा बंद करावा की काय हे ठरवण्यासाठी सरकारने १८९३-९४ साली सात जणांचा आयोग नेमला. त्यात तीन हिंदी सभासद होते. आयोगाने देशभर हिंडून ११९३ जणांच्या साक्षी घेतल्या आणि सांगितले, की बेताने घेणाऱ्याला सहसा अपाय होत नाही, अतिरेक करणाऱ्याला होतो, आणि सरसकट बंदीची गरज नाही. इंग्रज सरकार दयाळू होते असा याचा अर्थ कोणी काढू नये. त्याला कर हवा होता.

तो कर कसा वसूल होई, हे पाहायचे तर बंगालकडे जावे लागते. आज बांगलादेशात असलेल्या नौगावला सर्वात मोठी गांजाची शेती होती. ऑगस्टच्या सुमारास रोप टाकायचे, सप्टेंबरात लावणी करायची, नोव्हेंबरात जाणकार माणूस शेतात आणून एकेक झाड तपासायचे आणि नर उपटून टाकायचे. या जाणकाराला पोद्दार किंवा परखदार म्हणत. काढणी झाली की माल सरकारी गोदामात जाई. शेतकऱ्याला जी किंमत मिळे तिच्या कितीतरी पट कर सरकार त्या मालावर लावी, आणि मध्ये सावकार-व्यापारी होतेच. १९१७ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढली आणि ठोक विक्री आपल्या हातात घेतली. त्या संस्थेच्या नफ्यातून शाळा निघाल्या, दवाखाने निघाले. पण पेरायचे किती आणि विकायचे कोणाला, याची चावी सरकारकडेच राहिली. १९८७ साली तिथली लागवड बंद झाली. सत्तर वर्षे उभी केलेली शेती सरकारच्या एका निर्णयाने संपली. ज्या पिकाचा जन्म परवान्यात होतो, त्याचे मरणही परवान्यातच असते.

आता आपल्या कायद्याकडे येऊ. इथे प्रत्येकाने कान देऊन ऐकावे. मुंबई राज्यात १९४९ च्या दारूबंदी कायद्यात गांजा आधीच आला होता. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात पंचवीस वर्षांत हा वापर बंद करण्याचे कलम होते. त्याला अनुसरून दिल्लीत १९८५ साली अमली पदार्थांचा कायदा झाला. त्या कायद्याने शेतकऱ्याला गांजाचे झाड लावायला बंदी आहे. शिक्षा दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. उभे पीक जप्त होते. आपल्या शेतात असे झाड बेकायदा लावलेले आहे हे माहीत असून कळवले नाही, तर जमीनमालकही शिक्षेला पात्र. रान बटाईने, ठोक्याने दिले असेल त्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. आपल्या गावच्या हद्दीतील अशा लागवडीची माहिती देणे हे सरपंचाचेही कर्तव्य कायद्याने ठरवले आहे. आणि शेतात झाड सापडले की ते माझे नाही हे सिद्ध करण्याची पाळी शेतकऱ्यावर येते.

त्याच कायद्यात दुसरी दारेही आहेत. राज्य सरकार नियम करून लागवडीला परवानगी देऊ शकते. वाख आणि बियांसाठी लागवड करू देण्याचा अधिकार सरकारला आहे. औषध आणि संशोधनासाठी वाट मोकळी आहे. उत्तराखंडाने २०१८ साली याच दाराने परवाने द्यायला सुरुवात केली. २०२१ साली केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने भांगेचे बी आणि बियांचे तेल अन्न म्हणून मान्य केले. २०२५ च्या जानेवारीत हिमाचल सरकारने आपल्या दोन कृषी विद्यापीठांमार्फत लागवडीच्या अभ्यासाला मंजुरी दिली. दार उघडते आहे, यात शंका नाही. प्रश्न असा, की ते कोणासाठी उघडते आहे?

उत्तराखंडाची अट पाहा. नशेचा अंश ०.३ टक्क्यांच्या आत पाहिजे. हा आकडा आला कुठून? १९७६ साली स्मॉल आणि क्रॉन्क्विस्ट या दोन शास्त्रज्ञांनी झाडांचे वर्गीकरण करताना सोयीसाठी ही रेघ ओढली. ०.३ च्या वर धोका आणि खाली सुरक्षितता, असे काही त्यांनी सांगितलेले नव्हते. पुढे देशोदेशींच्या कायद्यांनी ती रेघ उचलली. पहाडातल्या बाया ज्या भांगेच्या बियांची चटणी वाटतात, ज्या झाडाच्या सालीचे दोर वळतात, ते गावरान झाड या रेघेत बसेलच असे नाही. मग शेतकऱ्याने आपले बी टाकून द्यायचे आणि प्रमाणपत्राचे बी बाहेरून विकत आणायचे. वाऱ्याने रानभांगेचे पराग आले आणि तपासणीत आकडा वर गेला, तर पीक नष्ट. कापसाच्या बियाण्यावरून आपण २०१९ साली अकोला जिल्ह्यात जो सत्याग्रह पाहिला, त्याचाच हा पुढचा अध्याय आहे. शेतकऱ्याने कोणते बी पेरावे हे बाबूलोक ठरवणार आणि जोखीम मात्र शेतकऱ्याची.

परवान्याची शेती कशी चालते ते नीमच-मंदसोरला जाऊन पाहावे. तिथे अफूचे पीक सरकारी परवान्याने होते. रान सरकार मोजून देते, काही आरींचे. उत्पन्नाची अट सरकार घालते. चीक एका दाण्याइतकाही दुसऱ्या कोणाला विकता येत नाही. भाव सरकार ठरवते. अट पूर्ण झाली नाही तर पुढच्या वर्षी परवाना गेला. १९७२ साली सुरू झालेली आपली एकाधिकार कापूस खरेदी ज्यांनी भोगली, त्यांना याहून अधिक सांगायला नको.

आणि परवाना उठला म्हणजे सोने पिकेल, हाही भ्रम नको. कॅनडाने २०१८ साली बाजार खुला केला. मोठमोठ्या कंपन्या उतरल्या, माल वारेमाप झाला, भाव कोसळले. त्याच वर्षी अमेरिकेने हेम्पची लागवड मोकळी केली. पुढच्याच हंगामात शेतकऱ्यांनी एवढी पेर केली, की माल घ्यायला गिऱ्हाईक मिळेना. आपल्याकडे सफेद मुसळी झाली, जट्रोफा झाला, इमू झाले. 'आम्हीच परत विकत घेऊ' म्हणणारा करारवाला दुसऱ्या वर्षी गावात दिसत नाही, हे आपण आपल्या पैशाने शिकलो आहोत.

मायबहिणी विचारतील, आणि त्यांनी विचारलेच पाहिजे, की दारूने घरे बुडाली ती थोडी झाली काय? आम्ही हा प्रश्न बाजूला सारत नाही. आजचा संकरित गांजा आजोबांच्या चिलमीतल्या गांजापेक्षा कितीतरी कडक आहे. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्या पोरांना वेडाचे झटके येण्याचा धोका वाढतो, असे डॉक्टर सांगतात आणि ते खरे आहे. पण चाळीस वर्षांच्या बंदीने शहरातला गांजा बंद झाला का? ओढणारा मिळवतोच, विकणारा कमावतोच. मुद्देमाल म्हणून सापडतो तो तुरीत नाहीतर उसात चार झाडे लावणारा. व्यसनाचा बंदोबस्त घरात, शाळेत, दवाखान्यात करायचा. तो शेतकऱ्याला कैदेत टाकून होत नाही.

म्हणून आमचे म्हणणे चार गोष्टींत सांगतो.

एक. आज कोणीही चोरून लावू नये. 'जोरदार इंडिका' म्हणून बी विकणाऱ्याला गावातून परत पाठवा. चोरून लावलेल्या पिकाला भाव मागता येत नाही, मोर्चा काढता येत नाही, कोर्टात उभे राहता येत नाही. ते पीक शेतकऱ्याला एकटे पाडते. कायदा मोडायची वेळ आलीच, तर आपण तो दिवसाढवळ्या, जाहीर करून, सगळ्यांनी मिळून मोडू.

दोन. राहुरी, अकोला, परभणी, दापोली या आपल्या विद्यापीठांनी कायद्यात असलेली संशोधनाची परवानगी घेऊन आपल्या हवामानात या झाडाच्या चाचण्या घ्याव्यात. गावरान वाण गोळा करावेत आणि निकाल मराठीत छापावेत. बी कंपनीच्या कपाटात जाण्याआधी हे झाले पाहिजे.

तीन. उद्या राज्याने नियम केलेच, तर त्यात सक्तीची खरेदी नको, लेव्ही नको. विकत कोणाला द्यायचे हे पिकवणारा ठरवील. वाऱ्याच्या परागाने आकडा वर गेला तर फौजदारी नको.

चार. चार झाडे लावणारा शेतकरी आणि ट्रक भरून माल नेणारा व्यापारी यांना एका कायद्याच्या एकाच दोरीने बांधू नये. जे शेतकरी अशा खटल्यांत अडकले आहेत, त्यांची माहिती तालुका शाखांनी गोळा करावी आणि पुढच्या बैठकीला आणावी.

सोलापूरच्या त्या शेतकऱ्याच्या अर्जाला उत्तर द्यायचे तर ते गांजाच्या परवान्याने दिले जाणार नाही. कांद्याची निर्यात मोकळी असती, कापसाचे बी मोकळे असते, उसावर अंतराची बंदी नसती, तर तो अर्ज लिहिला गेलाच नसता. घामाचे दाम मिळाले तर शेतकरी कांदाच लावील. तेव्हा या झाडाकडे पाहताना आपण आपला मूळ मुद्दा सोडायचा नाही. काय पेरायचे, कोणते बी पेरायचे आणि कोणाला विकायचे, हे ठरवण्याचा हक्क शेतकऱ्याचा आहे. तो कोणी परवान्यावर देऊ नये आणि आपण परवान्यावर घेऊ नये.

एवढे बोलून आम्ही थांबतो. आता प्रश्न विचारा.