नैवेद्य आणि झोपडपट्टी

या नरसीत आठवते ती बाल नामदेवाची कथा: देव नैवेद्य खात नाही म्हणून तो रडतो. लोभस आहे हे निरागसपण. पण त्यासाठी घरात नैवेद्यापुरते तरी शिजलेले हवे! जयवंत दळवींच्या 'चक्र' (१९६३) या कादंबरीतील बेन्वाच्या वाट्याला मुंबईची झोपडपट्टी येते. त्याला आदर्श वाटतो तो गुन्हेगार लुक्का. का वाटू नये? त्या वस्तीत ऐटीत चालणारा दुसरा माणूस त्याने पाहिला आहे कोठे? याला कोणी संस्कारांचा अभाव म्हणेल. जन्मभर अर्थशास्त्र शिकविलेल्या मला तो रोजगाराचा प्रश्न दिसतो. १९७२च्या दुष्काळात आपल्याच मराठवाड्यातील बिऱ्हाडे मुंबईला गेली. त्यांच्याबरोबरची मुले तेथे कोणाच्या मागे चालू लागली, हे आपण कार्यकर्त्यांनी कधी विचारले काय?