मुंबईच्या नकाशांत भाडेकरू कोठें?
(व्याख्यान)



जुने नकाशे हा विषय आम्हीं आज कोठून काढला, असें आपणांपैकीं कित्येकांस वाटेल. नकाशा म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा कागद, असा आपला समज. पण मोजणीदाराची साखळी शेतांत पडली म्हणजे काय होतें, हें शेतकऱ्यास सांगावयास नको. शहराचेंही तसेंच आहे.

१८७२ सालीं लॉटन साहेबाच्या मोजणीवरून मुंबईचे नकाशे तयार झाले. प्रमाण एका इंचास ४० फूट. म्हणजे ४० फूट लांबीचें घर कागदावर इंचभर. घरें, विहिरी, तळीं, देवळें, मशिदी सारें त्यांत आहे. काम मोठें चोख! परंतु मोजणी कशासाठीं? जमिनीची मालकी व सरकारचा सारा ठरविण्यासाठीं. त्यामुळें घर दिसतें. त्याच्या एकेका खोलींत दाटीनें राहणारा हमाल, गिरणीकामगार दिसत नाहीं.

१८९६ च्या सप्टेंबरांत मांडवीस प्लेग उघडकीस आला. १८९८ सालीं कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. दाट वस्ती फोडून रुंद रस्ते काढणें हें त्याचें एक मुख्य काम. समुद्रावरची हवा वस्तींत शिरावी म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट व सँडहर्स्ट रोड हे पश्चिमेकडून पूर्वेकडे आंखले. कोंदट हवेंत रोग वाढतो, ही तेव्हांची समजूत. वास्तविक प्लेगचा जंतु १८९४ सालींच सांपडला होता. उंदरावरच्या पिसवांतून तो पसरतो, हें सिमाँ या फ्रेंच डॉक्टरानें १८९८ सालीं मांडलें. त्याचें म्हणणें लवकर कोणी मानलें नाहीं. वारा आला म्हणून पिसू घर सोडीत नाहीं!

हवा व उजेड गरिबासही पाहिजे. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. आमचा प्रश्न इतकाच कीं, रस्त्यासाठीं घर पडलें त्याचा मोबदला कोणास? मालकास. भाडेकरूस काय? जागा खालीं करण्याची नोटीस. ट्रस्टनें चाळी बांधल्या, हें खरें. पण पाडण्याची घाई बांधण्यांत नव्हती. ज्या हमालास पहांटें बंदरावर हजर व्हावयाचें, तो लांब जाऊन राहणार कसा? नव्या रस्त्याकडेचें भाडें तर त्यास झेपणारें नव्हेच. तो शेजारच्या चाळींत शिरला, आणि मोडावयाची दाटी पलीकडच्या गल्लींत वाढली. नकाशावर मात्र रस्ता सरळ दिसला!

१९३३ सालीं ट्रस्ट म्युनिसिपालिटींत विलीन झाला. सँडहर्स्ट रोड आतां सरदार वल्लभभाई पटेल मार्ग झाला, प्रिन्सेस स्ट्रीट शामलदास गांधी मार्ग झाला. रेघा आंखणें कांहीं थांबलेलें नाहीं; आज त्यास पुनर्विकास म्हणतात. तेव्हां आपल्या चाळीचा नकाशा कोणी दाखवावयास आणील, त्या वेळीं सोबतची यादी मागा. तींत आपलें नांव, खोलीचा नंबर, आणि घर उभें राहीपर्यंत राहावयाचें कोठें, हें लिहिलें आहे काय, तें पाहा. ज्यास वाचतां येत नसेल त्यानें शाळेंत जाणाऱ्या मुलीकडून वाचवून घ्यावें, आणि मगच सही करावी.