न्यायमूर्तींचे कारकून आणि न्यायाची मिरासदारी

(व्याख्यानाचा मजकूर)



न्यायालयाचा निकाल जाहीर होतो तेव्हा त्याखाली न्यायमूर्तींची सही असते. वर्तमानपत्रांत नाव छापून येते ते त्यांचेच, आणि पुढे कायद्याच्या ग्रंथांत तो निकाल ओळखला जातो तोही त्यांच्याच नावाने. परंतु त्या निकालाची कागदपत्रे कोणी वाचली, पूर्वीचे निवाडे कोणी शोधून काढले, दोन्ही बाजूंच्या युक्तिवादाचे टाचण कोणी केले आणि पुष्कळदा पहिला मसुदा कोणी लिहिला, याची नोंद कोठेच राहत नाही. हे काम करणाऱ्याला इंग्रजीत लॉ क्लार्क म्हणतात. आपण त्याला न्यायमूर्तींचा कारकून म्हणू. शब्द साधा असला तरी पद साधे नाही. आजच्या व्याख्यानाचा विषय हे पद आहे. ते कोणाला मिळते, त्यातून काय मिळते आणि ते करणाऱ्याला संरक्षण कोणाचे, हे तीन प्रश्न वरकरणी किरकोळ वाटतात; परंतु न्यायसंस्था कोणाच्या मालकीची आहे या मोठ्या प्रश्नाचीच ती तीन अंगे आहेत.

या पदाचा इतिहास अमेरिकेत सुरू होतो. होरेस ग्रे हे १८८२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयावर आले. त्यापूर्वी मॅसॅच्युसेट्स राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात असतानाच त्यांनी हार्वर्डच्या विधिशाखेतून नुकत्याच बाहेर पडलेल्या हुशार तरुणांना मदतनीस म्हणून ठेवण्यास प्रारंभ केला होता. वॉशिंग्टनला आल्यावरही त्यांनी ही पद्धत चालू ठेवली आणि या तरुणांचा पगार स्वतःच्या खिशातून दिला. १८८६ साली अमेरिकन काँग्रेसने प्रत्येक न्यायमूर्तींना एका लघुलेखक कारकुनासाठी वर्षाला १,६०० डॉलर मंजूर केले. म्हणजे खाजगी नोकराचे पद सरकारी तिजोरीवर आले. निवडीची पद्धत मात्र खाजगीच राहिली. ग्रे यांचे कारकून त्यांचे सावत्रबंधू, हार्वर्डमधील प्राध्यापक जॉन चिपमन ग्रे निवडून पाठवीत. पुढे ऑलिव्हर वेंडेल होम्स आणि लुई ब्रँडाइस या थोर न्यायमूर्तींचे कारकून हार्वर्डचेच प्राध्यापक फेलिक्स फ्रँकफर्टर निवडीत. होम्स यांचा कारकून तर निवाड्यांच्या शोधाबरोबर त्यांच्या बँकेच्या हिशेबाचीही काळजी घेई. गुरूने शिष्य सुचवावा आणि थोरांनी त्याला पदरी ठेवावे, असा हा सारा मामला होता. पगार जनतेचा आणि निवड मित्रमंडळींतली, ही विसंगती या पदाच्या जन्मापासूनची आहे.

या खाजगी निवडीचे परिणाम काय झाले ते पाहावे. सर्वोच्च न्यायालयातील पहिली स्त्री कारकून ल्युसिल लोमेन. न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी १९४४ साली तिची नेमणूक केली. महायुद्धाने विधिमहाविद्यालयांतील तरुण रणांगणावर नेले होते, हे त्यामागचे एक कारण. युद्ध संपले आणि दारही मिटले. दुसरी स्त्री कारकून त्या न्यायालयात आली ती थेट १९६६ साली. पहिला कृष्णवर्णीय कारकून विल्यम कोलमन १९४८ साली फ्रँकफर्टर यांच्याकडे आला. हार्वर्डमध्ये प्रथम येऊनही फिलाडेल्फियाच्या वकिली संस्थांची दारे त्याला बंद होती. हाच कोलमन पुढे शाळांतील वर्णभेद बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या ब्राउन खटल्यात वर्णभेदाविरुद्धच्या बाजूचे काम करणाऱ्या वकिलांत होता. कोलमनला संधी देणाऱ्या याच फ्रँकफर्टर यांनी १९६० साली रूथ बेडर गिन्सबर्ग हिला कारकून म्हणून घेण्यास नकार दिला. ती स्त्री होती आणि एका लहान मुलीची आई होती. तेहतीस वर्षांनी, १९९३ साली, ती त्याच न्यायालयाची न्यायमूर्ती झाली. फ्रँकफर्टर हे दुष्ट गृहस्थ नव्हते. उलट त्यांची गणना उदारमतवाद्यांत होत असे. अडचण व्यक्तीची नव्हती. चांगल्या माणसाच्या मर्जीवर सोडलेले दारसुद्धा त्याच्या पूर्वग्रहांच्या मापाचेच असते, ही खरी अडचण होती.

आता या पदाच्या अर्थकारणाकडे वळू. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एका न्यायमूर्तींना साधारणपणे चार कारकून असतात आणि ते एक वर्ष काम करतात. म्हणजे सबंध देशात वर्षाला सुमारे छत्तीस जागा. न्यायालयाकडे दरवर्षी हजारो अर्ज येतात आणि त्यांपैकी साठ-सत्तर प्रकरणांची पूर्ण सुनावणी होते. १९७२ पासून बहुतेक न्यायमूर्तींनी आपल्या कारकुनांचे मनुष्यबळ एकत्र केले. एका अर्जाचे टाचण एकच कारकून करतो आणि ते या व्यवस्थेत सहभागी असलेल्या सर्व न्यायमूर्तींकडे जाते. एखाद्या कैद्याचा किंवा कामगाराचा अर्ज देशाच्या सर्वोच्च व्यासपीठापर्यंत पोहोचावा की नाही, याविषयीचे पहिले मत पंचविशी-तिशीतला एक पदवीधर देतो. अंतिम निर्णय न्यायमूर्तींचा असतो हे खरे. परंतु हजारो अर्जांच्या ढिगाऱ्यात पहिल्या चाळणीला काय महत्त्व असते, हे कोणत्याही कचेरीत काम केलेल्या माणसाला सांगावे लागत नाही.

हे एक वर्ष संपले की बड्या वकिली कंपन्या या तरुणांना नोकरीवर घेताना स्वागताची रक्कम देतात. गेल्या काही वर्षांत ती चार-पाच लाख डॉलरच्या घरात गेली आहे. अमेरिकेच्या सरन्यायाधीशाच्या वर्षाच्या पगाराहूनही ती अधिक भरते. शिवाय या तरुणांना पहिली दोन वर्षे सर्वोच्च न्यायालयातील प्रकरणांत काम करण्यास त्या न्यायालयाच्याच नियमांनुसार मनाई असते. मग ही रक्कम कशाची? ती श्रमाचे मोल नव्हे. रिकार्डोने जमिनीच्या संदर्भात ज्याला खंड म्हटले, तो हा खंड आहे. सुपीक जमीन मर्यादित असते म्हणून तिच्या मालकाला न कष्टता जादा मिळते. येथे मर्यादित आहे ती न्यायमूर्तींच्या दालनातली खुर्ची. सार्वजनिक पैशाने निर्माण झालेल्या या दुर्मिळतेचा खंड खाजगी भांडवलाच्या बाजारात वसूल होतो. ज्या कंपन्या तो मोजतात त्या तो कोणाकडून वसूल करतात, हे त्यांच्या अशिलांची यादी पाहिली की समजते.

आणि खुर्चीची ही वाट पुन्हा खुर्चीकडेच जाते. २०२२ साली केतनजी ब्राउन जॅक्सन न्यायमूर्ती झाल्या, तेव्हा त्या न्यायालयाच्या नऊपैकी सहा सदस्य कधीकाळी तेथेच कारकून राहिलेले होते. विल्यम रेन्क्विस्ट यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. न्यायमूर्ती रॉबर्ट जॅक्सन यांचे कारकून असताना, ब्राउन खटला न्यायालयापुढे असतानाच्या त्या काळात, त्यांनी एक टाचण लिहिले होते. वर्णभेदाला मान्यता देणारा १८९६ चा निवाडा बरोबर होता आणि तो कायम करावा, असे त्यात म्हटले होते. १९७१ साली त्यांच्या नेमणुकीच्या वेळी हे टाचण बाहेर आले. ते मत आपले नसून न्यायमूर्तींचे होते, असा खुलासा त्यांनी केला. तो खुलासा खरा की खोटा, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. पण या वादाचा अर्थ लक्षात घ्यावा. दालनातल्या कागदावरील मत मालकाचे की कारकुनाचे, हे नंतर कोणालाही खात्रीने सांगता येत नाही. अशा अदृश्य लेखणीवर कोणाची नेमणूक होते याची चौकशी करण्याचा अधिकार जनतेला नसावा काय?

तिसरा प्रश्न संरक्षणाचा. २०२२ च्या मे महिन्यात गर्भपाताच्या हक्कासंबंधीच्या निकालाचा मसुदा अमेरिकेत फुटला. न्यायालयाने चौकशी केली. सत्त्याण्णव कर्मचाऱ्यांची विचारपूस झाली, त्यांच्याकडून शपथेवर निवेदने घेण्यात आली. न्यायमूर्तींशीही बोलणे झाले. पण शपथपत्र त्यांच्यापैकी कोणालाही मागितले गेले नाही. २०२३ च्या जानेवारीत अहवाल आला. अपराधी सापडला नव्हता. न्यायमूर्तींपैकी कोणावर संशय घेण्याचा येथे हेतू नाही. पण कारकुनाचा शब्द शपथेशिवाय चालत नाही आणि धन्याचा चालतो, ही रीत समतेचा उद्घोष करणाऱ्या संस्थेच्या आतली आहे, हे नोंदविणे भाग आहे. नोकरीतील भेदभाव व लैंगिक छळ यांविरुद्ध १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने अमेरिकन कामगाराला जे संरक्षण दिले, ते संघीय न्यायमूर्तींच्या या कारकुनांना लागू नाही. कायद्याचा अर्थ लावणाऱ्या दालनातच कायदा उंबऱ्यापाशी थांबतो. शिवाय कारकुनाचे सारे भवितव्य एका माणसाच्या शिफारसपत्रावर अवलंबून असते, तेव्हा तक्रार करणे म्हणजे आपल्याच हाताने वाट बंद करणे ठरते.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. भारताच्या सर्वोच्च न्यायालयातही तरुण कायदा-पदवीधर लॉ क्लार्क आणि संशोधन-साहाय्यक या नात्याने अल्प मुदतीच्या कंत्राटावर न्यायमूर्तींच्या हाताखाली काम करतात. मुंबई उच्च न्यायालयातही ही पदे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने अलीकडे या निवडीसाठी लेखी परीक्षा आणि मुलाखत अशी पद्धत आणली. हे स्वागतार्ह पाऊल आहे. परंतु २० मे २०२५ रोजी याच न्यायालयाने दिलेल्या एका निकालामुळे या पदाचे महत्त्व एकदम वाढले. कनिष्ठ न्यायाधीशपदाच्या परीक्षेला बसण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट त्या निकालाने पुन्हा आणली आणि न्यायमूर्तींकडे लॉ क्लार्क म्हणून केलेले काम या अनुभवात धरावे असेही सांगितले. म्हणजे कारकुनाचे पद ही आता न्यायाधीशपदाच्या शिडीची एक पायरी झाली.

ही पायरी कोणाच्या पायाखाली येते? मुंबई, नागपूर आणि औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे राष्ट्रीय विधि विद्यापीठे निघाली. तेथील शिक्षणाचा खर्च वर्षाला लाखांत मोजावा लागतो आणि शिक्षण इंग्रजीतून चालते. तेथला विद्यार्थी विद्यार्थिदशेतच न्यायमूर्तींच्या दालनात उमेदवारी करून येतो. बीड किंवा गडचिरोलीच्या महाविद्यालयातून कायद्याची पदवी घेतलेल्या शेतमजुराच्या मुलीला त्या दालनाचा पत्ताही ठाऊक नसतो. वकिलीची पहिली तीन वर्षे तिने तालुक्याच्या न्यायालयात ज्येष्ठ वकिलाच्या मागे जवळजवळ बिनपगारी काढावी, आणि दुसऱ्याने तीच वर्षे दिल्लीत मानधन घेऊन काढावीत, असा हा व्यवहार होईल. गुणवत्तेच्या नावाने मिरासदारीचे नूतनीकरण होते ते असे.

संरक्षणाच्या प्रश्नातही आपली स्थिती अभिमानास्पद नाही. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयातील एका बडतर्फ स्त्री कर्मचाऱ्याने तत्कालीन सरन्यायाधीशांविरुद्ध लैंगिक छळाची तक्रार केली. त्यांनी ती साफ नाकारली. न्यायमूर्तींच्याच अंतर्गत समितीने चौकशी केली. वकील बरोबर ठेवू दिला जात नाही म्हणून तक्रारदार त्या चौकशीतून बाहेर पडली. तक्रारीत तथ्य नाही असे समितीने ठरविले आणि अहवाल प्रसिद्ध झाला नाही. पुढे ती कामावर परत घेतली गेली. तक्रार खरी की खोटी, हे ठरविण्याचा अधिकार या व्यासपीठाला नाही. पण कोणत्याही कारखान्याच्या मालकाने अशी चौकशी केली असती तर न्यायालयाने ती उचलून धरली असती काय, हा प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र प्रत्येक नागरिकाला आहे.

यावर एक आक्षेप येतो. न्यायमूर्ती आणि त्यांचा कारकून यांचे नाते विश्वासाचे असते. गुप्तता राखावी लागते. म्हणून निवड न्यायमूर्तींच्या पसंतीनेच व्हावी. हा आक्षेप पोकळ नाही. ज्याच्यावर भरवसा नाही अशा माणसापुढे कोणी मोकळेपणाने विचार मांडणार नाही. परंतु विश्वास जातीचा, घराण्याचा किंवा महाविद्यालयाचा नसतो. तो सहवासाने आणि कामाने निर्माण होतो. खुल्या परीक्षेतून तयार झालेल्या यादीतून न्यायमूर्तींनी आपला साहाय्यक निवडावा. त्यात त्यांच्या पसंतीला वाव राहतो आणि यादीचे दारही सर्वांना खुले राहते.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. देशातील प्रत्येक उच्च न्यायालयात ही निवड जाहिरातीने आणि लेखी परीक्षेने व्हावी आणि परीक्षेला मातृभाषेचा पर्याय असावा. निवडलेल्यांचा सामाजिक, शैक्षणिक आणि प्रादेशिक तपशील दरवर्षी प्रसिद्ध व्हावा. जून २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपल्या कर्मचाऱ्यांच्या नेमणुकांत अनुसूचित जाती-जमातींसाठी बिंदुनामावली लागू केली; तोच न्याय या कंत्राटी पदांनाही मिळावा. तक्रारीची चौकशी ज्या संस्थेबद्दल तक्रार आहे तिच्या बाहेरच्या सदस्यांच्या सहभागाने व्हावी. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे असे साहाय्यक तालुका व जिल्हा न्यायालयांनाही मिळावेत. देशातील प्रलंबित खटले पाच कोटींहून अधिक आहेत आणि त्यांचा फार मोठा भाग याच न्यायालयांत आहे. तेथे न्यायाधीशाच्या मदतीला शिरस्तेदार, नाझर आणि लघुलेखक असतात; रोजनामा आणि बोर्ड सांभाळण्यातच त्यांचा दिवस जातो. निवाडे शोधून देणारा, कागद वाचून टाचण करणारा कोणी तेथे नसतो. बीडच्या त्या मुलीला दिल्लीला पाठवावे हे चांगलेच. पण तिच्याच तालुक्याच्या न्यायालयात पगारी साहाय्यक म्हणून ती तीन वर्षे बसली, तर न्यायाधीशाचे काम हलके होईल, पक्षकाराच्या तारखा कमी होतील आणि उद्याच्या न्यायाधीशाला आपल्या माणसांची भाषा व त्यांचे जमिनीचे, मजुरीचे, पोटगीचे प्रश्न ठाऊक असतील.

न्यायदान हे एकट्या प्रज्ञावंताचे काम नाही. ते अनेक हातांचे काम आहे. निकालपत्राखाली सही एकाच माणसाची राहो. त्याला हरकत नाही. पण त्या सहीपर्यंत कागद घेऊन जाणारे हात समाजाच्या एकाच थरातून येणार असतील, तर न्यायदेवतेच्या डोळ्यांवरची पट्टी निःपक्षपातीपणाची राहणार नाही. ती खालच्या थरांतील माणसे दिसू नयेत म्हणून बांधलेली ठरेल.