आधी पक्ष लिहा!



"तू नक्की काय करतेस गं?" असं सकाळपासून चौघांनी विचारलं, म्हणून त्यावरच बोलते. मी सॉफ्टवेअरवाली, पण माझे प्रोग्रॅम कंपोझिटची ताकद मोजतात. काच किंवा कार्बनच्या धाग्यांचं कापड थरावर थर रचून रेझिनने चिकटवलं, की झालं कंपोझिट. आपल्या दिघीच्या डीआरडीओ संस्थेने युद्धनौकेच्या सोनारसाठी असंच आवरण विकसित केलं. गोव्यात तयार होऊन ते २०१६ साली नौदलाला मिळालं.

हा पदार्थ धाग्यांच्या दिशेने भक्कम असतो, पण दोन थरांमध्ये नुसतं रेझिन असतं. मार बसला की खारीसारखे पापुद्रे आतल्या आत सुटतात, बाहेरून कळतही नाही. तिथे कामाला येतात कार्बन नॅनोट्यूब. १९९१ साली जपानच्या सुमिओ इजिमांच्या निबंधाने जगाचं लक्ष त्यांच्याकडे गेलं. या नळ्या पोलादाच्या सुमारे पाचपट ताठ आणि कार्बनच्या धाग्याहून शेकडो पट बारीक. रेझिनमध्ये एक टक्क्याहून कमी मिसळल्या, तरी भेगेच्या दोन्ही कडा टाक्यांसारख्या धरून ठेवतात.

मी पहिल्यांदा हे गणित मांडलं, तेव्हा नळ्या सगळीकडे सारख्या पसरल्यात असं धरून चालले. आकडा झकास आला. प्रयोगशाळेत मात्र नमुना त्याच्या कितीतरी आधी तुटला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर पिठल्यात होतात तशा नळ्यांच्या गुठळ्या! भेग गुठळीपासूनच सुरू झाली होती. बरं, नळ्या वाढवाव्यात तर रेझिन इतकं घट्ट होतं की धाग्यांत शिरतच नाही. म्हणून मिसळणं हेच खरं कौशल्य. काही संशोधक तर नळ्या थेट धाग्यांवरच वाढवतात.

माझा आकडा तसाच पुढे गेला असता, तर त्यावर विसंबून कुणीतरी भाग पातळ बनवला असता. त्या रात्री मला झोप लागली नाही. आठवल्या त्या आपल्या भूमितीच्या बाई. नववीत माझी सिद्धता बरोबर होती, तरी पक्ष लिहिला नाही म्हणून त्यांनी अर्धा गुण कापला होता. मी घरी जाऊन रडले होते.

आता माझ्या प्रत्येक अहवालाच्या पहिल्या पानावर काय काय गृहीत धरलंय त्याची यादी असते. बाई आज समोर बसल्या आहेत. बाई, त्या अर्ध्या गुणाबद्दल मनापासून आभार!