ओढायचं नाही



मी सॉफ्टवेअरवाली, सोल्डरिंग हात भाजून शिकले. आपल्याच वर्गातल्या एकाने शेतातल्या पंपाच्या स्टार्टरचं कार्ड दिलं. "पाह्य बाई, जमते का. नाही तं फेकून देतो." आठ पायांची एक चिप गेली होती. एक बाजू तापवली की दुसरी थंड व्हायची. वैतागून चिमट्याने ओढली. चिप आली, पण सोबत बोर्डावरची तांब्याची पट्टीही उखडली. बारीक तार जोडून कसंबसं निभावलं.

पुढे पुण्याच्या तपकीर गल्लीत एका कारागिराला नीट विचारून घेतलं. आधी फ्लक्स लावायचा, मग सगळ्या पायांवर शिशाचं सोल्डर भरपूर चढवायचं. कथील-शिशाचं 63:37 मिश्रण 183 अंशांना वितळतं, बिनशिशाचं साधारण 217 ला. दोन्ही मिसळली की कमी उष्णतेत भागतं. दोन्ही बाजू आळीपाळीने तापवत चिप हलकेच ढकलून पाहायची. सरकली तरच उचलायची. उरलेलं सोल्डर तांब्याच्या जाळीने टिपायचं. शेवटी हात साबणाने धुवायचे. शिसं आहे ते.

शाळेत बर्फ वितळताना तापमापीचा पारा हलेना, तेव्हा आम्ही चुळबुळ करत होतो. सर म्हणाले होते, "उष्णता आत काम करते आहे, थांबा." तो अप्रकट उष्मा मी परीक्षेत लिहिला आणि गुण घेतले. कळला मात्र पट्टी उखडल्यावर.

पंप अजून त्याच तारेवर चालतो. यंदाच्या हरभऱ्याला त्यानेच पाणी दिलं. मालक समोरच बसलाय, विचारून घ्या!